उभ्याने पाजलेलं दूध

साहेब, माझ्या आभारांची शिक्षा तुम्ही दुसऱ्याच बाईला दिलीत.

मी तुमच्या खोलीत तक्रार घेऊन आले नव्हते. चांगलं बोलायला आले होते. लहान मुलांच्या वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरांनी माझी मुलगी कशी उभी केली, ते तुमच्या टेबलासमोर रंगवून रंगवून सांगितलं. तुम्ही मान डोलवत ऐकलंत. आणि त्याच सांगण्यावरून त्यांना वॉर्डातून उचलून तळघरात चादरींच्या खोलीत नेऊन बसवलंत. माझी जीभ साक्षीदार, माझी पोर पुरावा, आणि मलाच पत्ता नाही!

तुम्ही या हॉस्पिटलचे अधीक्षक. तुमच्यापुढे इथे कोणी ब्र काढत नाही, हे मला दिसतं. पण मी तुमच्या पगारावर नाही. मी बसची कंडक्टर आहे. त्या दिवशी मी घाईत अर्धंच सांगितलं, आणि तुम्ही त्यातलंही तुम्हाला हवं तेवढंच घेतलंत. आज सगळं ऐका.

पोरगी नीट मान धरायला लागली होती, तेव्हा तिला ताप आला. आधी साधा वाटला. मग श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, आणि आमचा ड्रायव्हर, म्हणजे माझा नवरा, तिला उचलून पळत सुटला. आम्ही एकाच डेपोत आहोत. घरीही तो मला कंडक्टर म्हणतो, मी त्याला ड्रायव्हर म्हणते. इतकी वर्षं एकमेकांना नावाने हाक मारली असेल तर भांडणातच. त्या दिवशी मात्र तो रिक्षात मला माझ्या नावाने हाका मारत होता, आणि मी शेजारीच बसले होते.

तुमच्या डॉक्टरीण बाईंनी सांगितलं की छातीतला जंतू रक्तात उतरलाय. बारीक अंगाच्या, वयाने लहान, पण गोल गोल बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "आज मी कसलाच शब्द देत नाही. आज फक्त लढते." मला ते आवडलं. कोणी 'काळजी करू नका' म्हणालं असतं तर मी त्याच्या अंगावर धावले असते.

मग ते यंत्र, त्या नळ्या, आणि त्यांच्या मधोमध माझी पोर. हात बघाल तर कुंच्याची काडी. माझी जाऊ तिला बघून आली आणि बाहेर पदर तोंडाला लावून म्हणाली, "अहो, काडी झालीय हो तिची." माझ्या सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे तिला झापली. "काडी नाही म्हणायचं. आजपासून तिला ढब्बू म्हणायचं. पोर आडमुठी आहे, आज्यावर गेलीय. जे कानावर पडेल ते करून दाखवील." आणि खरंच, काचेतून त्या काडीसारख्या जिवाकडे बघत आम्ही सगळे म्हणायला लागलो, "ढब्बू, ए ढब्बू." बाजूच्या खाटेवरच्या बाळाची माणसं आम्हाला खुळे समजली असणार.

आजार हटला. त्याचं श्रेय डॉक्टरीण बाईंचं, औषधांचं, आणि हो, तुमच्या हॉस्पिटलचं. ते मी कोणाचं हिरावून घेत नाही. यंत्र निघालं, ताप गेला, डोळे उघडले, माझ्या बोटाला तिने मूठ घातली. मी म्हटलं, सुटलो.

कसलं सुटतोय! पोरगी दूध प्यायचं विसरली होती.

तोंडात इतके दिवस नळ्या घातलेल्या. आता ओठांना काहीही लागलं की ती मान फिरवायची, अंग ताठ करायची आणि निळीजांभळी होईपर्यंत रडायची. मी छातीशी धरलं की जास्तच. आपलंच लेकरू आपल्याला ढकलतं, हे काय असतं ते तुम्हाला नाही समजायचं, आणि समजू नये असंच मी म्हणेन. नाकातल्या नळीतून दूध जात होतं, पण अर्धं ती उलटून टाकायची. वजन पुन्हा उतरायला लागलं. डॉक्टरीण बाई एका सकाळी माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "हिने तोंडाने घेतलं नाही तर पोटाला छोटं छिद्र करून तिथून नळी घालावी लागेल. त्यासाठी भूल द्यावी लागेल. आणि भूल द्यायला मला भीती वाटतेय. हिची छाती अजून कच्ची आहे."

डॉक्टरच भीती वाटते म्हणाल्यावर आईने कुठे जायचं?

तुमच्या वॉर्डात भिंतीवर सूचना आहे. नळी लावलेल्या बाळाला घेऊन आईने स्टुलावर बसून राहावं, उठू नये, चालू नये. कधीतरी एक बाई जागरणाने चक्कर येऊन बाळासकट पडली होती म्हणे, तेव्हापासून. नियम काही वेडा नाही. मी तो पाळला, आणि असा पाळला की विचारू नका. आमच्या धंद्यात भिंतीवर लिहिलेलं म्हणजे पाळायचंच. 'दारात उभे राहू नये' हे मी दिवसातून किती वेळा ओरडते! ती मी इथे येऊन नियम मोडणार? मी त्या स्टुलावर अशी बसायचे, की समोरच्या बाळाला वाटावं भिंतीला चित्र टेकवून ठेवलंय. श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. मला वाटायचं, मी जितकी स्तब्ध, तितकी पोर सुरक्षित.

थोरल्या सिस्टर हे येताजाता बघत होत्या. जाड भिंगाचा चष्मा, पायात मऊ चपला, आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला कुजबुजल्या तरी त्या टोकाच्या आया सरळ बसायच्या. त्या दिवशी ढब्बू रडून रडून थकली होती, मीही रडत होते, पण हलत नव्हते. सिस्टर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही काम काय करता?"

"बसवर कंडक्टर आहे."

"म्हणजे दिवसभर उभ्या?"

"उभी. बसले तर पाय दुखतात माझे."

"आणि ही पोटात असताना?"

"पोट सीटांच्या मधे मावेनासं झालं तोवर बसवरच होते. मग डेपोच्या साहेबांनीच घरी पाठवलं."

सिस्टरांनी चष्मा वर सरकवला. आणि साहेब, त्या हसल्या. त्या वॉर्डात इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा कोणाला मोकळं हसताना ऐकलं. म्हणाल्या, "अहो मग या पोरीने जन्माआधीपासून बस चालू बघितलीय. आणि तुम्ही तिला बंद पडलेल्या बसमध्ये घेऊन बसलाय! बंद पडलेल्या बसमध्ये कुठलं गिऱ्हाईक खूश असतं? ती बोंबलणारच."

मी म्हटलं, "पण सूचना..."

"सूचना मला पाठ आहे. तुम्ही उठा. मी मागे आहे."

मी उठले तशी त्यांनी मागचं स्टूल बाजूला सारलं, नळी कशी धरायची ते दाखवलं, आणि माझ्यामागे दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. दोन खाटांच्या मधली जागा ती केवढी! पण आमच्या बसमधली वाट तरी कुठे रुंद असते? मी उभी राहिले. पाय जरा फाकवले, एक पुढे, एक मागे. आणि मग मला काही करावंच लागलं नाही. वर्षानुवर्षांची सवय, गुडघे आपोआप सैल झाले, कंबर आपोआप झुलायला लागली. वळण आलं की इकडे, खड्डा आला की तिकडे. डोळे मिटले तर मी आमच्या बसमध्येच होते.

ढब्बूचं रडणं अर्ध्यावर तुटलं. तिने वर बघितलं, जणू काही, अच्छा, तू आहेस होय! अंग सैल सोडलं. सिस्टर मागून हळूच म्हणाल्या, "आता धरा. घाई नको." मी झुलता झुलता तिला छातीशी घेतलं. तिने एकदा मान फिरवली. दुसऱ्यांदा ओठ लावले. आणि मग ओढलं.

एक घोट. मग थांबली. मग आणखी.

मी आवाज न करता रडत होते. मागून सिस्टर म्हणत होत्या, "रडा, पण ब्रेक मारू नका."

पुढे रोज हेच. दर पाजण्याला त्या मागे उभ्या. त्यांची पाळी संपली तरी थांबायच्या. हात टेकवत नसत, नुसते पसरून धरत. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, तुमचे हात भरून येत असतील." म्हणाल्या, "येतात ना. तुम्ही लवकर घरी जा, म्हणजे सुटेन." आणि मी ऐकीव गोष्टी सांगत नाही, डॉक्टरीण बाईंनाही हे माहीत होतं. त्या येऊन बघायच्या, सूचनेकडे बघायच्या, आणि काहीच न बघितल्यासारखं पुढच्या खाटेकडे जायच्या. एक दिवस त्यांनी स्वतः नाकातली नळी काढली आणि म्हणाल्या, "पोटाच्या छिद्राचं मी आता बोलणार नाही."

आम्ही घरी आलो ते बसनेच. ड्रायव्हरचा दोस्त गाडी चालवत होता आणि आमचा ड्रायव्हर त्याच्या मागे उभा राहून त्याला शिकवत होता. "क्लच हळू. अरे हळू! पोत्यात बटाटे नाहीत मागे." तो दोस्त शेवटी वैतागून म्हणाला, "तूच चालव आणि मी बाळ धरतो."

घरी आल्यावर आमची उलटी गंमत झाली. पोरगी बरी होत चालली आणि आम्ही दोघं आजारी माणसांसारखे वागत राहिलो. ड्रायव्हरने दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. घरात आम्ही बोटांवर चालायचो. ढब्बू शिंकली की तो माझ्याकडे आणि मी त्याच्याकडे बघायचे. तिला पाजताना मी झुलायचेच, सासूबाई माझ्या मागे हात पसरून उभ्या राहायच्या, कारण सिस्टर राहायच्या! एक दिवस सासूबाईंचाच तोल गेला आणि मी एका हाताने पोर आणि दुसऱ्या हाताने त्यांना धरलं. त्या म्हणाल्या, "बास झालं. पोरगी आता बसून पिते का बघ. माझं वय नाही कंडक्टरचं."

मी बसले. ढब्बूने माझ्याकडे बघितलं, कुरकुरली, आणि प्यायला लागली. बसून! आम्ही तिघं बघत राहिलो.

त्यानंतर तिने मागे बघितलं नाही. साहेब, मी दिवसभर माणसं मोजते, पण तिच्या मांडीच्या वळ्या मोजताना माझा हिशेब चुकतो. पालथी पडली, रांगली, पलंगाखालून ड्रायव्हरची चप्पल काढून चावली. कुस्करलेलं केळं दिलं तर वाटी स्वतःच्या डोक्यावर उपडी केली आणि मग डोक्यावरचं केळं चाटायचा प्रयत्न केला. जावेने आणलेले झगे अंगात जाईनात. ती म्हणाली, "अगं, ही आता ढब्बू शोभते." सासूबाई म्हणाल्या, "मी काय सांगत होते!" आणि जशी काही औषधं त्यांनीच दिली होती अशा ताठ होऊन बसल्या.

आम्ही तिला डेपोत नेलं. सगळ्यांनी तिला फिरवून फिरवून बघितलं. तिथेच मला वाटलं, हे सिस्टरांना मिळायला हवं. शाबासकी मिळायला हवी.

आता आमच्याकडची पद्धत ऐका, कारण सगळा घोळ तिथे आहे. आमच्या डेपोत तक्रारी रोज येतात. कंडक्टर उद्धट आहे, ड्रायव्हरने थांब्यावर गाडी थांबवली नाही, हे चालूच. पण कधीतरी एखादा प्रवासी थेट आमच्या मोठ्या साहेबांकडे जातो आणि कोणाचं तरी कौतुक करतो. ज्याचं कौतुक, त्याचं नाव साहेब सकाळी सगळ्यांसमोर घेतात. आणि कौतुक तपशिलात करायचं असतं. नुसतं 'चांगली बाई आहे' याला किंमत नाही. 'माझ्या म्हाताऱ्या आईला धाप लागली, तर हिने थांबा नसताना दवाखान्याच्या दारात गाडी थांबवायला लावली,' असं सांगायचं. थांबा नसताना गाडी थांबवणं नियमात बसत नाही. आमचे साहेब भुवया चढवतात, "पुन्हा करू नकोस" म्हणतात, आणि पुढच्या आठवड्यात सोयीची पाळी देतात. आमच्यात आभार असेच मानतात. ज्याच्या हाताखाली ती व्यक्ती काम करते, त्याच्यासमोर, आणि मीठमसाला लावून.

तशी मी तुमच्याकडे आले. ढब्बूला नवा झगा घातला. ड्रायव्हरने दाढी केली.

तुम्ही विचारलंत, "उभ्याने पाजलं? नळी असताना?"

मी फुशारक्या मारत सांगितलं, "हो ना! भिंतीवरची सूचना बाजूला ठेवली त्यांनी. माझ्या मागे हात पसरून उभ्या राहायच्या."

"रोज?"

"रोज, साहेब! पाळी संपली तरी."

"कोणत्या सिस्टर?"

मी वर्णन केलं. चष्मा, चपला, आवाज, सगळं. तुम्ही म्हणालात, "बाळ छान आहे." बाहेर पडल्यावर मी ड्रायव्हरला म्हटलं, "बघ, नाव पुकारणार त्यांचं." तो म्हणाला, "पुकारायलाच हवं."

पुकारलंत तुम्ही.

परवा ढब्बूला तपासायला आणलं. डॉक्टरीण बाईंनी तिची छाती ऐकली, पाय हलवून बघितले, तिच्याकडून स्वतःचे केस ओढून घेतले आणि म्हणाल्या, "आता हिला माझ्याकडे सारखं आणू नका. हिला काही झालेलं नाही." ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून नाक शिंकरत बसला. मी म्हटलं, सिस्टरांना दाखवून येते. डॉक्टरीण बाईंनी ढब्बूच्या मुठीतून आपले केस सोडवले. मग म्हणाल्या, "त्या खाली आहेत. चादरींच्या खोलीत." का, ते त्यांनी खाली मान घालून सांगितलं. 'नियमभंग, रुग्णाला धोका.' आणि कळवलं कोणी? 'रुग्णाच्या आईने.'

मी ढब्बूला कडेवर घेऊन जिना उतरले, मागोमाग ड्रायव्हर. तळघरात धुलाईच्या यंत्रांची घरघर, वाफेचा वास, आणि छतापर्यंत घड्या. सिस्टर उशांचे अभ्रे मोजत होत्या. मी दारातच म्हटलं, "सिस्टर, मी तुमचं वाईट करायला गेले नव्हते हो."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "वाईट करायला आलेली माणसं एवढं मनापासून बोलत नाहीत." मग त्यांची नजर माझ्या कडेवर गेली. "ही कोण?"

"ढब्बू."

"छे!" त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आपली ढब्बू? ती नळीवाली?" त्यांनी तिला उचललं आणि "अगं आई गं, पाठ गेली" म्हणून हसल्या. मांड्या चिमटल्या, हिरड्या बघितल्या, दंड दाबले. ढब्बूने त्यांचा चष्मा ओढून तोंडात घातला. "खाते तर! सगळंच खाते!" त्या म्हणत राहिल्या. मग तिला चादरींच्या ढिगावर बसवली, तर तिने घड्या घातलेल्या सगळ्या चादरी एकेक करून खाली टाकल्या, आणि सिस्टर एकीलाही हात न लावता बघत बसल्या.

ड्रायव्हरने विचारलं, "इथे बरं आहे का?"

"फार बरं. चादरी गुणी असतात. रडत नाहीत, उलटत नाहीत. भूक लागत नाही त्यांना."

मी म्हटलं, "मी वर जाते. भांडते."

"नको. तुम्ही चांगलं बोललात तर मी तळघरात आले. भांडलात तर याच्या खाली काही आहे का, ते शोधतील."

आम्ही हसलो. तेवढ्यात मी बघितलं, बोलता बोलता त्यांनी एक टॉवेल हातात घेतला होता. बाळाला गुंडाळतात तसा त्यांनी तो कोपरा दुमडून, पोटावरून घेऊन, खाली खोचून गुंडाळला. आत काही नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी तो झटकला आणि घडी घातली.

मी विचारलं, "सिस्टर, परत वॉर्डात जायचंय तुम्हाला?"

त्यांनी घडीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "हे मला अजून कोणी विचारलंच नव्हतं. जायचंय. फार जायचंय."

म्हणून मी आले आहे, साहेब. तुमचा शिपाई म्हणाला, साहेब कामात आहेत. असू देत, म्हणून हे दाराबाहेरूनच सांगतेय. आम्ही बाहेरच्या बाकावर आहोत, ड्रायव्हरने रजा टाकलीय, ढब्बूचं पोट भरलेलं आहे, आणि ती आता तुमच्या दारावर थापा मारतेय, त्या तुम्हाला ऐकू येतच असतील. त्या थापांच्या जोरात तुमच्या डॉक्टरीण बाई आहेत, तुमची औषधं आहेत. त्याबद्दल मी तुमचेही आभार मानते, आणि मनापासून मानते. पण त्यात त्या पसरलेल्या हातांचाही जोर आहे.

तुम्ही म्हणाल, ती आई पडली असती तर? मी पडले असते, तर सिस्टरांच्या हातांत पडले असते. त्यासाठीच त्या तिथे उभ्या होत्या. तुमची सूचना भिंतीवर राहू द्या. मी ती फाडा म्हणत नाही. पण सूचना कोणाला झेलत नाही.

येताना मी वॉर्डाच्या काचेतून आत बघितलं. आमच्या खाटेवर दुसरं बाळ आहे, नाकात नळी. त्याची आई स्टुलावर बसलीय, पाठ ताठ, बाळ ताठ, दोघं रडतायत. तिचं काम काय, ती दिवसभर कशी उठते-बसते, हे तिला कोणीही विचारलेलं नाही. विचारणारी बाई तळघरात अभ्रे मोजतेय.

सिस्टरांना वर कधी आणताय? 'बघू' म्हणू नका, 'अर्ज करा' म्हणू नका. दार उघडा आणि वार सांगा.